बरं वाटतंय, तेव्हाच

"डॉक्टर, आता तो अगदी पहिल्यासारखा झालाय. गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?"

मनोविकार विभागाच्या ओपीडीत हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो, आणि विचारणारी बहुधा आई असते. काही महिन्यांपूर्वी याच बाकावर तिने मुलाला दोघा-तिघांच्या मदतीने धरून आणलेलं असतं. आज तो शेजारी शांत बसलाय, नीट जेवतोय, रात्री झोपतोय. तिला दुसरं काही नको असतं. पण बायपोलर या आजारात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते याच वळणावर. बरं वाटू लागलं की औषध थांबतं, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार उलटतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

या लेखात आजाराची ओळख आहे, उपचारांची माहिती आहे. पण मला कळकळीने सांगायचं आहे ते एवढंच, की या आजारावरचं बरंचसं काम माणूस बरा असतानाच करायचं असतं.

दोन टोकं, आजार एकच

मन कधी उल्हसित असतं, कधी खट्टू असतं. हे सगळ्यांचंच होतं, त्याला कोणी आजार म्हणत नाही. बायपोलरमध्ये मनाची ही पातळी दोन्ही बाजूंना इतकी ढळते, आणि इतके दिवस तिथेच राहते, की झोप, विचार, बोलणं, पैशांचे व्यवहार, नातेसंबंध सगळंच बदलून जातं. केस पेपरवर डॉक्टर 'बीपीएडी' असं लिहितात. जुन्या कागदांवर 'एमडीपी' दिसेल. आजार तोच.

एक टोक उन्मादाचं, म्हणजे मेनियाचं. निदान एक आठवडाभर (किंवा दवाखान्यात भरती करावं लागेल इतक्या तीव्रतेने) माणूस कमालीचा उत्साही, मोकाट किंवा चिडखोर होतो. दोन-तीन तास झोपूनही थकत नाही. बोलण्याचा वेग वाढतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. आपल्याकडे खास शक्ती आहे, मोठमोठ्या लोकांशी आपली ओळख आहे, असं त्याला ठामपणे वाटू लागतं. पैसे उधळणं, कर्ज काढणं, नोकरीचा राजीनामा देऊन टाकणं, भरधाव गाडी चालवणं, न शोभणारी लैंगिक वागणूक हे सगळं या काळात घडतं. काहींना भास होतात, कोणी आपल्या वाईटावर टपलंय असा संशय बळावतो.

हेच बदल कमी तीव्रतेने, चार दिवस किंवा जास्त टिकले तर त्याला सौम्य उन्माद म्हणजे हायपोमेनिया म्हणतात. यात माणूस कामावर जात राहतो, उलट जास्तच काम करतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, "चला, मरगळ गेली एकदाची."

दुसरं टोक नैराश्याचं. किमान दोन आठवडे मन खिन्न, कशात रस नाही, अंगात त्राण नाही, भूक-झोप बिघडलेली, स्वतःबद्दल अपराधी भावना, आणि कधी जगणंच नकोसं होणं. बहुतेक रुग्णांच्या आयुष्यातला मोठा काळ उन्मादात नव्हे, नैराश्यात जातो. कधी दोन्ही टोकांची लक्षणं एकत्रही येतात: मन काळवंडलेलं आणि अंगात मात्र तगमग. हा काळ विशेष धोक्याचा असतो.

उन्मादाचा एक जरी पूर्ण झटका येऊन गेला असेल तर त्याला बायपोलरचा पहिला प्रकार म्हणतात. सौम्य उन्माद आणि नैराश्य असं येत असेल तर दुसरा प्रकार. दुसरा प्रकार 'हलका' असा मात्र समज नको. त्यातलं नैराश्य दीर्घ आणि चिवट असतं.

निदान का चुकतं

नेहमी दिसणारं एक चित्र डोळ्यांसमोर आणू. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. परीक्षा जवळ आली तशा रात्री जागून निघाल्या. एके दिवशी त्याने गावी फोन करून सांगितलं की त्याला अभ्यासाची नवी पद्धत सापडलीय, तो आता क्लास काढणार आहे, जागाही बघितलीय. आठवड्याभरात फीचे पैसे संपले, खोलीतल्या मित्रांशी हाणामारी झाली. घरी आणलं तर कोणी म्हणालं बाहेरचं काही असेल, कोणी म्हणालं अभ्यासाचा ताण डोक्यात गेला, आणि एका मामाने सुचवलं, "लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की ठिकाणावर येईल."

या मुलाला दोन वर्षांपूर्वी तीन महिने काहीच करावंसं वाटत नव्हतं, तो अंथरुणातून उठत नव्हता, हे त्या गडबडीत कुणालाच आठवत नाही. बहुतेकदा असंच होतं. आजाराची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते, आणि अनेकांत तो आधी नैराश्याच्या रूपाने दिसतो. डॉक्टरांकडे जातात तेही नैराश्यात असताना, कारण उन्मादात माणसाला आपल्याला काही झालंय असं वाटतच नाही.

आता हे महत्त्वाचं का? कारण बायपोलरच्या रुग्णाला केवळ नैराश्यावरची गोळी दिली, सोबत मन स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर मन दुसऱ्या टोकाला फेकलं जाऊ शकतं. म्हणून उदासीसाठी डॉक्टरांकडे गेलात तरी आवर्जून सांगा: पूर्वी कधी आठ-दहा दिवस झोप न होताही भरपूर उत्साह होता का, तेव्हा खर्च, बोलणं, चिडचिड वाढली होती का, आणि घराण्यात कुणाला असा आजार होता का. रुग्णासोबत घरातलं एक माणूस असावं ते याचसाठी.

बायपोलर दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. निदान होतं ते नीट घेतलेल्या इतिहासावरून. तरीही थायरॉईडसारख्या तपासण्या करतात, व्यसनांची विचारपूस करतात, कारण थायरॉईडचा बिघाड, स्टेरॉईडची औषधं किंवा नशा यांमुळेही अशीच लक्षणं दिसू शकतात.

कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण आईला किंवा वडिलांना आजार आहे म्हणून मुलाला होणारच असं मुळीच नाही. अशा बहुतेक मुलांना तो होत नाही. ताण, बाळंतपण, नशा आणि विशेषतः बिघडलेली झोप यांनी झटका उफाळतो. कुणाच्या संस्कारांत खोट किंवा पूर्वजन्मीचं पाप असलं काही यात नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी माणसं या आजारासह जगत होती. आपलं घर एकटं नाही.

औषधं: काय करतात, काय सांभाळायचं

उपचाराचे दोन भाग असतात. पहिला, आलेला झटका शमवणं. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. दुसरा, तो परत येऊ न देणं. हे काम वर्षानुवर्षं चालतं. ओपीडीतला तो प्रश्न या दोन भागांच्या सांध्यावर पडतो. पहिला भाग संपला म्हणजे उपचार संपला, असं वाटतं. मधुमेहाची साखर गोळीमुळे आटोक्यात असते, म्हणून गोळी कोणी थांबवत नाही. इथेही तसंच आहे.

लिथियम हे या आजारावरचं जुनं आणि आजही अव्वल औषध. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं. लिथियम दोन्ही टोकांचे झटके रोखतं, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याची गणना होते. मात्र त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं असतं, म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. दीर्घकाळच्या उपचारात ती बहुधा ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, १.५ च्या वर धोका सुरू होतो. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. सोबत मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियमच्या तपासण्या साधारण दर सहा महिन्यांनी होतात.

लिथियम घेणाऱ्यांनी चार गोष्टी पाठ कराव्यात:

- पाणी आणि मीठ रोजच्यासारखं ठेवा. निर्जळी उपवास, उन्हातान्हातली लांब पायी वारी, जुलाब-उलट्या यांत शरीरातलं पाणी घटतं आणि लिथियमची पातळी चढते. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा रोजा करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.
- अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी लिथियम वाढतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढतं, म्हणून प्रत्येक डॉक्टरला सांगा, "माझं लिथियम चालू आहे."
- हातांना मोठा कंप, तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी, जुलाब-उलट्या हे एकत्र दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा.
- एकदम बंद करू नका. अचानक थांबवलेल्या लिथियमनंतर उन्माद उलटण्याचा धोका फार वाढतो.

व्हॅल्प्रोएट हे दुसरं प्रचलित औषध. उन्मादात ते चांगलं काम करतं. वजन वाढू शकतं, यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात. पण मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये. गरोदरपणात ते चालू राहिलं तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग येतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या वाढीवर, शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. तुमच्या मुलीला हे औषध चालू असेल तर घाबरून आज बंद करू नका, पण डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

लॅमोट्रिजीन मुख्यतः नैराश्य परतू नये यासाठी असतं. त्याचा डोस फार हळू, काही आठवडे घेऊन वाढवतात. घाईने वाढवला तर अंगावर गंभीर स्वरूपाचं पुरळ उठू शकतं. पुरळ दिसलं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मध्ये काही दिवस गोळी चुकली तर आपल्या मनाने पूर्वीच्या डोसवर परत सुरू करू नका.

क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्रॅझोल या गोळ्या उन्माद लवकर शमवतात. क्वेटियापिन नैराश्यातही देतात. यांतल्या काहींनी झोप येते, भूक आणि वजन वाढतं, साखर वाढू शकते. वजन वाढलं म्हणून रुग्ण गुपचूप गोळ्या सोडतात. त्यापेक्षा तक्रार मोकळेपणाने सांगा; औषध बदलता येतं, डोस कमी करता येतो.

विजेच्या उपचाराबद्दल, म्हणजे ईसीटीबद्दल, सिनेमांनी फार भीती घालून ठेवलीय. आज तो भूल देऊन करतात. भूल न देता करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. टोकाचं नैराश्य, अन्नपाणी सोडणं, आत्महत्येचा तीव्र धोका, गोळ्यांना न जुमानणारा उन्माद अशा वेळी तो जीव वाचवतो. काही काळ स्मरणावर परिणाम होऊ शकतो. त्याबद्दल आधी विचारून घ्या.

झोप हेही औषधच

या आजारात शरीराचं घड्याळ नाजूक असतं. एक-दोन रात्रींचं जागरणही उन्मादाला निमित्त पुरतं. म्हणून रोज ठरल्या वेळी झोपणं, ठरल्या वेळी उठणं, जेवण आणि फिरणं यांच्या वेळा बांधून घेणं हा उपचाराचाच भाग आहे. यावर आधारलेली समुपदेशनाची एक स्वतंत्र पद्धतही आहे.

ही गोष्ट आपल्याकडे पाळायला अवघड जाते. गणपतीत रात्रभर सजावट, गावच्या जत्रेचं जागरण, लग्नघरातली धावपळ, परीक्षेआधीची रात्र. अमेरिकेच्या वेळेनुसार चालणारी आयटीची शिफ्ट असेल तर डॉक्टरांचं पत्र देऊन दिवसपाळी मागून घ्या. परदेशी प्रवासात, वेळेचे पट्टे ओलांडताना गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून ठेवा. घरातल्यांनीही "एक दिवस जागलास तर काय बिघडतं?" असा आग्रह करू नये. दारू आणि गांजा पूर्ण वर्ज्य. दोन्हींनी औषधाचं काम पाण्यात जातं.

समुपदेशन गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांच्या जोडीला हवं. आजार समजून घेणं, विचारांच्या सवयी तपासणं, कुटुंबाला सोबत घेऊन बोलणं यांनी झटके कमी होतात.

बऱ्या दिवसांतली वही

आता मुख्य कामाकडे येऊ. माणूस स्थिर असतो तेव्हा त्याची सारासार बुद्धी जागेवर असते. उन्मादात "तू आजारी आहेस" हे पटवणं जवळजवळ अशक्य, नैराश्यात "हे जाईल" हे पटवणं तितकंच कठीण. म्हणून जे ठरवायचं ते या मधल्या दिवसांत, त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने. एक साधी दोनशे पानी वही आणा.

पहिल्या पानांवर रोजच्या चार नोंदी: किती तास झोप, मनाची पातळी (उणे पाच ते अधिक पाच), गोळी घेतली का, काही विशेष घडलं का. दोन मिनिटांचं काम आहे, पण तीन महिन्यांनी हीच पानं डॉक्टरांना कुठल्याही आठवणीपेक्षा अचूक सांगतात.

मग धोक्याच्या खुणा. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कुणी पहाटे तीनला उठून कपाट आवरू लागतं, कुणी जुन्या मित्रांना धडाधड फोन लावतं, कुणी अचानक भडक कपडे घेतं. नैराश्याच्या आधी कुणी आंघोळ टाळतं, फोन उचलत नाही. मागच्या दोन-तीन झटक्यांआधी काय काय झालं होतं ते एकत्र बसून आठवा आणि दोन्ही टोकांच्या तीन-तीन खुणा लिहा.

पुढच्या पानावर करार. या खुणा दिसल्या तर कोणी बोलायचं? बायकोचं ऐकेल, की बहिणीचं, की जिवलग मित्राचं? डॉक्टरांना फोन कोणी करायचा? एटीएम कार्ड, यूपीआय, गाडीची किल्ली कोणाकडे द्यायची? कोणत्या रुग्णालयात जायचं? मोठी खरेदी, कर्ज, राजीनामा यांचा निर्णय किमान दोन दिवस थांबून आणि दोघांच्या सहमतीने, असं आधीच ठरवा. खाली त्याची सही असू द्या. झटक्याच्या वेळी त्या सहीचं मोल कळतं. कारण तेव्हा तुम्ही त्याच्यावर तुमची मर्जी लादत नसता, त्याने शुद्धीत सांगितलेलं पाळत असता.

याला कायद्याचंही पाठबळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिलाय. आरोग्य विमा देताना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखीच वागणूक द्यावी, असंही हा कायदा सांगतो.

झटका आलाच तर

उन्मादात वाद घालू नका. आवाज खाली, वाक्यं छोटी, गर्दी कमी. "तू खोटं बोलतोयस" यापेक्षा "तू दोन रात्री झोपला नाहीस, मला काळजी वाटते, चल डॉक्टरांना भेटू" हे चालतं. मारणं, कोंडणं, बांधणं यांनी आजार वाढतो आणि विश्वास कायमचा तुटतो. चहात लपवून गोळी देण्याचा मोह होतो, पण कळल्यावर तो माणूस घरचं अन्नच टाळू लागतो. आधी डॉक्टरांशी बोला.

नैराश्यात "मन घट्ट कर" हा सल्ला देऊ नका. जवळ बसा, बरोबर चार पावलं चाला, गोळी हातावर ठेवा. मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस बोलू शकतो. धोका वाटला तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा, कीटकनाशकं, दोर हाताला लागणार नाहीत असं करा आणि रुग्णालय गाठा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, तिथे मराठीतून बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

उपचार महागच असतात असं नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तर गोव्यात बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे.

लग्न आणि मूल

लग्न हा या आजारावरचा उपाय नाही, आणि आजार आहे म्हणून लग्न निषिद्धही नाही. स्थिर असलेली असंख्य माणसं संसार करतात. फक्त लपवू नका. लपवलेल्या आजारात गोळ्याही लपवाव्या लागतात, मग सुटतात, आणि पुढचा झटका नव्या संसारात येतो. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधीच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सगळ्यात नाजूक असतात. त्या काळात रात्रीचं बाळ सांभाळायला दुसरं कुणीतरी असावं, म्हणजे आईची झोप राखली जाईल.

गोळ्या कधी बंद?

त्या आईचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर टाळू नये. काहींना दीर्घकाळ, काहींना आयुष्यभर औषध लागतं. किती झटके आले, किती तीव्र होते, मधला काळ कसा गेला यावर ते ठरतं. कमी करायचं झालं तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे-महिने घेऊन, पायरीपायरीने. परीक्षा, लग्न, नोकरी बदल यांच्या तोंडावर तर नाहीच.

तोवर हा प्रश्न जरा बदलून विचारा: तो बरा आहे तर आम्ही आता काय काय करून ठेवू? डॉक्टरांकडे यावर सांगण्यासारखं बरंच असतं. आणि घरी परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ती वही घेऊन या. पहिल्या पानावरची पहिली नोंद त्याच्याच हाताने होऊ द्या: काल रात्री सात तास झोपलो, गोळी घेतली, बरं वाटतंय.